तात्यांचा डबा कोर्टात

मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे लागेल.

भवानी पेठेत मागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरीला पोहायला शिकवणार कोण? आमच्याकडे पाणी म्हणजे पाळी असेल तेव्हा नळाला येणारं आणि पिंपात भरून ठेवायचं. वडील पॉवरलूमवर टॉवेल विणायचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात दख्खनी, आणि या सगळ्या गोंगाटात ऐकू जायचं असेल तर ओरडून बोलायचं, ही घरची रीत. तोच आवाज घेऊन मी वकील झाले. 'मॅडम, मी तुमच्या समोरच बसलोय,' असं किती न्यायाधीशांनी मला हात जोडून सांगितलं असेल!

दुसरा दोष याहून वाईट. मला कोर्टात हसू येतं. साक्षीदार शपथेवर थाप मारायला लागला की माझ्या पोटात गुदगुल्या सुरू होतात. त्यासाठी गळ्यातला पांढरा बँड तोंडात कोंबायची युक्ती मी शोधून काढली होती. एकदा तो गिळता गिळता वाचले.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "समतेची लढाई, नागरी हक्क असा विषय आहे, जरा गंभीर लिहा." लिहिते. पण चाळीस वर्षं मी या कामात टिकले ती गंभीर राहून नव्हे, एवढं त्यांनी समजून घ्यावं.

काम काय, तर अगदी साधं. माणसाला कुठंतरी आत येऊ देत नाहीत. घर भाड्यानं देत नाहीत, देवळात घेत नाहीत, हॉटेलात त्याचा कप वेगळा ठेवतात. मग तो माणूस शुक्रवार पेठेत भांड्यांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून माझ्या ऑफिसात येतो. यातली अडचण अशी की समोरचा माणूस खरं कारण कधीच तोंडातून काढत नाही. घरमालक आडनाव विचारतो, ऐकतो आणि म्हणतो, "अरेरे, जागा कालच गेली बघा." हॉटेलवाला म्हणतो, "कप फुटलेत." जात हा शब्द उच्चारायचा नाही, पण कारभार सगळा तिच्यावरच चालवायचा. तो न उच्चारलेला शब्द उलटतपासात बाहेर काढायचा, हा आमचा धंदा. समोरच्याच्या साक्षीदाराला प्रश्न विचारायचा आपला हक्क, त्याला उलटतपास म्हणतात. नवे वकील त्यात साक्षीदारावर ओरडतात. मी आवाज असून ओरडत नाही. मी कौतुक करते.

सुरुवातीच्या काळात मी एक केस झोकात जिंकले होते. एका गावात केशकर्तनालयात दलित मुलांचे केस कापत नव्हते. निकाल आमच्या बाजूनं लागला, पेपरात माझा फोटो आला, मी पेढे वाटले. महिन्याभरानं कळलं की दुकान बंद झालंय आणि अख्खं गाव दाढी करायला एस.टी.नं टेंभुर्णीला जातंय. सरपंचासकट! एकाच खुर्चीवर बसायला नको म्हणून लोक तासाचा प्रवास करत होते. मी हसून हसून बेजार झाले. मग माझा अशील भेटायला आला. "बाई, तुमी जिंकला," तो म्हणाला. "माझे केस मातर अजून बायकोच कापती." तेव्हा माझं हसू थांबलं. आपल्याकडे आलेल्या माणसाला नेमकं काय हवंय, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

ते शहाणपण मला कायमचं आलं असं म्हणायला आवडलं असतं. पण नाही. म्हणूनच कलाबाईची गोष्ट सांगते.

कलाबाई टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझं अजून जाणं-येणं आहे. बाई दलित वस्तीतली, चाळिशीची, शेतमजुरी करणारी, बोलायला तिखट. सोबत तेरा वर्षांची मुलगी, सारिका. दोघी माझ्यासमोर बसल्या आणि कलाबाईनं हकिगत सांगितली.

गावात एक मोठी विहीर आहे. पायऱ्यांची, रुंद, बारमाही पाण्याची. पिण्याला ते पाणी आता कुणी नेत नाही, नळ सगळीकडे आलेत. पण उन्हाळ्यात सगळं गाव त्या विहिरीत पोहतं. सारिकानं कडेला उभं राहून बघितलं आणि एक दिवस घातली उडी. पायरीला धरून चार हात मारले असतील. दुसऱ्या दिवशी विहिरीला लोखंडी फाटक आणि वर पाटी, 'खासगी मालमत्ता'. गावच्या पोरांना फाटक उघडायचं, वस्तीतल्या पोरांना बंद.

माझा पारा चढला. "पोलीस केस करू!" मी गरजले. खालच्या भांड्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं. "आत टाकू एकेकाला!"

"त्यांना आत टाकून माझ्या लेकीला पोहाय येनार हाय व्हय?" कलाबाई म्हणाली.

मला राग आला. मी तिला कायद्याचं महत्त्व समजावलं, लढ्याचा इतिहास ऐकवला. तिनं सगळं ऐकून घेतलं. चार दिवसांनी मी चाळीस पानी दाव्याचा मसुदा वाचून दाखवला. घटनेची कलमं, मानवी प्रतिष्ठा, सगळं घातलं होतं. माझा मलाच गहिवर आला होता.

"ह्यात पोहायचं कुटं हाय?" ती म्हणाली.

मी पानं चाळली. नव्हतंच.

मग तिनं राहिलेलं सांगितलं. तिला एक मुलगा होता, गणेश, सोळा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी कालव्याला पाणी सुटलं होतं. वासरू घसरून पाण्यात गेलं म्हणून हा मागं गेला. वासरू पुढे जाऊन काठाला लागलं. गणेश लागला नाही.

"आमच्या वस्तीत कुनालाच पोहाय येत न्हाय, वकीलीणबाई. माझ्या सासऱ्याला न्हाय, मालकाला न्हाय. शिकनार कुटं? कालव्यावर धुनं धुवाय तर रोज जावं लागतंय." तिनं सारिकाकडं बघितलं. "हिला शिकवायचंय. बाकी मला काय नको."

मी चाळीस पानं बाजूला ठेवली आणि सहा पानांचा दावा लिहिला. मागणी एकच: विहीर सगळ्यांना उघडी करा.

फाटक लावणारे होते आबा. गावातले वजनदार गृहस्थ. विहीर त्यांच्या सातबाऱ्यावर, आजोबांनी खोदलेली. त्यांचे वकील देशमाने, कोर्टात माझे जुने वैरी आणि कँटीनमध्ये जुने मित्र. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की विहीर घरची, फक्त आबांचं कुटुंब वापरतं, गावाचा संबंध नाही, मग जातीचा प्रश्न येतोच कुठं?

कायदा इथं फार सोपा आहे. विहीर कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही. गावातल्या लोकांना जिथं मोकळीक आहे, तिथं जातीमुळे कुणाला अडवता येत नाही, एवढंच. म्हणजे मला सिद्ध करायचं होतं की त्या विहिरीत गाव पोहतं. सोपं ना? पण गावातला एकही माणूस साक्षीला येईना. 'कुठली विहीर?' म्हणून मला विचारणारा माणूस डोकं पुसत होता, आणि त्याच्या चड्डीतून पाणी गळत होतं.

पहिला उन्हाळा तारखांत गेला. तात्पुरता हुकूम मिळाला नाही. कोर्ट म्हणालं, आधी पुरावा होऊ द्या. कलाबाई दर तारखेला यायची, मागच्या बाकावर बसायची आणि निघताना एकच विचारायची, "कालव्याला पानी सुटायच्या आत हुईल का?" मी हो म्हणायचे आणि घरी येऊन स्वतःवर चिडायचे.

दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास देशमान्यांनी आपला सगळ्यात भारी साक्षीदार आणला. तात्या. वय सत्तरच्या पुढे, छाती पुढे, मिशा वर. देशमान्यांच्या हिशेबानं साधी साक्ष होती: मी पन्नास वर्षं या विहिरीवर बसून आहे, विहीर आबांची, आबांच्या घरचेच लोक येतात. तात्यांनी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. देशमाने खाली बसले आणि माझ्याकडं बघून गालात हसले.

मी उठले. तात्या कोण ते मला कलाबाईनं सांगून ठेवलं होतं.

"तात्या, पन्नास वर्षं विहिरीवर बसून आहात. नुसतेच बसून? पाण्याची भीती वाटते का?"

तात्यांची मान ताठ झाली. "भ्या? मला?"

"नाही, काही लोकांना वाटते. त्यात लाज कसली? मला पण पोहता येत नाही."

"मी पट्टीचा पोहनारा हाय!"

"असेल. आबांच्या घरच्यांसारखं येत असेल थोडंफार."

"आबांच्या घरच्यांसारकं?" तात्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "आबाला कुनी शिकवलं? म्या शिकवलं! आबाच्या पोरांना कुनी शिकवलं? सगळ्या गावाला—"

देशमाने खोकले. चांगलेच मोठ्यानं खोकले.

"पाणी देऊ का तुम्हाला?" मी त्यांना विचारलं आणि वळले. "तात्या, सगळ्या गावाला वगैरे राहू द्या. म्हातारपणी होतं माणसाचं असं. पाचसहा पोरं शिकवली असतील."

"पाचसा? अवो, लिंबाच्या फांदीवरनं मुटका मारनारी शंभर पोरं दावतो तुमाला!"

न्यायाधीश तरुण होत्या, कोकणातून बदलून आलेल्या. त्यांनी लेखणी थांबवली. "मुटका म्हणजे काय?"

काय सांगू तुम्हाला! तात्यांनी टोपी काढून कठड्यावर ठेवली, "अस्सं बगा सायेब," म्हणाले, गुडघे पोटाशी घेतले, हातांची मिठी मारली आणि पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात अशी उडी घेतली की लाकूड कडाडलं, टोपी उडाली, आणि शिरस्तेदारांच्या टेबलावरचं पाणी सांडलं. मग न्यायाधीशांनी शांतपणे टंकलेखकाला सांगितलं, "लिहा. साक्षीदार गुडघे पोटाशी घेऊन उडी मारून दाखवतो." आणि फाईल तोंडासमोर धरली. फाईल हलत होती.

माझा बँड तोंडात गेला होता. बाहेर काढून मी विचारलं, "शंभर पोरांचा काही पुरावा आहे का, तात्या? का नुसतंच?"

"डब्यावर नावं हायत की!"

देशमान्यांनी डोळे मिटले.

डब्याचं असं आहे. आमच्या भागात पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला रिकामा, तोंड घट्ट बंद केलेला डबा बांधतात. डबा तरंगतो, पोर तरंगतं. हात-पाय जमले की डबा सोडायचा. 'डबा सुटला' म्हणजे पोहता आलं. त्या गावात तात्यांचा एकच डबा, रॉकेलचा जुना, तोंडाला डाख लावून बंद केलेला, तीन पिढ्यांचा. ज्याचा डबा सुटला त्याचं नाव तात्या खिळ्यानं डब्यावर कोरत, आणि त्या पोराची आई विहिरीच्या काठावर जमलेल्या सगळ्यांना गूळ-खोबरं वाटत असे.

"डबा कोर्टात हजर करावा," मी अर्ज दिला.

पुढच्या तारखेला तात्या डबा घेऊन आले. नव्या उपरण्यात गुंडाळून, छातीशी धरून. देशमान्यांनी त्यांना काय काय समजावलं असेल, पण डब्याला खोटं म्हटलेलं ते ऐकून घेणार नव्हते. डब्याला निशाणी क्रमांक पडला. कोर्टात पुरावा म्हणून दाखल झालेल्या वस्तूला निशाणी म्हणतात. मग त्यावरची नावं वाचायचं काम सुरू झालं. तात्या एकेक नाव वाचायचे आणि सोबत माहिती पुरवायचे. "ह्यो रडका. ह्यो आता दुबईला हाय. हिनं पयल्याच दिशी डबा सोडला, लई धीट पोरगी." सगळं आडनावांसकट. जोशी, माळी, शेख, पाटील, कुंभार. आबांचं नाव तर वरच्या ओळीत! दुपारभर हे चाललं. मध्येच तात्या थांबले, दाराशी उभ्या असलेल्या बेलिफाकडं बोट दाखवून म्हणाले, "आन् हे काय, ह्यो हितंच हुबा हाय की!" बेलिफ त्याच गावचा जावई निघाला, लग्नानंतर सासुरवाडीला पोहायला शिकलेला. बिचारा लाजून दाराआड गेला. कोर्ट हसलं, देशमानेही हसले, आणि आता दावा आमचा झाला हे सगळ्यांना कळलं.

मी तिथंच बसायला हवं होतं. पण मागच्या बाकावर कलाबाई होती.

"तात्या, यात वस्तीतलं एक तरी नाव आहे का?"

"न्हाय."

"का?"

"कुनी आलंच न्हाय."

"आलं असतं तर?"

तात्या उपरण्याची घडी घालायला लागले.

"तीन वर्षांपूर्वी कलाबाईंच्या गणेशला कालव्यातून बाहेर कुणी काढलं?"

"म्याच काढलं." आवाज एकदम खाली गेला. "बुडी मारून काढलं. दुसऱ्या कुनाला दम न्हवता."

"म्हणजे हात लावला."

"लावला."

"जिवंतपणी कधी डबा बांधला होता?"

तात्या डब्याकडं बघत राहिले. न्यायाधीश म्हणाल्या, उत्तर नाही असं लिहा. मी बसले. मला त्या दिवशी हसू आलं नाही आणि जिंकल्यासारखंही वाटलं नाही. मागं वळून बघितलं, तर कलाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. सत्तरीच्या म्हाताऱ्याला भर कोर्टात असं उभं केलं, याचं मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

आता गंमत पुढची. डबा कोर्टात अडकला! पुरावा आहे, निकाल लागेपर्यंत परत मिळत नाही. कोर्टातल्या वस्तू सांभाळणाऱ्या नाझरानं त्याला चिठ्ठी बांधून कपाटात ठेवलं. आणि गावात आला पाडवा, पोहायला शिकायचा मुहूर्त. पोरं विहिरीवर हजर, आणि शिकवायला डबाच नाही. "प्लास्टिकचं कॅन घ्या की," कुणीतरी म्हणालं, तर तात्यांनी त्याला गावाच्या वेशीपर्यंत शिव्या दिल्या. दुसऱ्या डब्यावर ते शिकवायला तयार होईनात. बायका आबांच्या दारात जायला लागल्या, "आमच्या पोरांचा उन्हाळा चाललाय, तेवढा डबा आना." गावानं कोर्टाकडं अर्जसुद्धा पाठवला, खाली दोन पानं सह्या: 'सदर डबा आम्हा सर्व ग्रामस्थांच्या नित्य वापराचा असून...' माझ्या हातात तो अर्ज आला तेव्हा मी ऑफिसात अक्षरशः नाचले. इतके दिवस एकही माणूस विहिरीत पोहतो म्हणायला तयार नव्हता, आणि आता सगळ्या गावानं लेखी दिलं!

त्यात आबांच्या नातीची त्या वर्षी शिकायची पाळी. आबांचं नाव डब्यावर, मुलांचं डब्यावर, आणि नात हट्टाला पेटली की माझं पण डब्यावरच पाहिजे. तिनं म्हणे जेवण सोडलं. एका सकाळी आबा स्वतः माझा जिना धापा टाकत चढून आले.

"मॅडम," ते खुर्चीत बसत म्हणाले, "मिटवून टाकू."

खरं सांगते, मला मिटवायचं नव्हतं. मला निकाल हवा होता. छापून येणारा, पुढच्या वकिलांनी कोर्टात वाचून दाखवावा असा. चळवळीतले माझे मित्र तर भडकले, "अशांशी तडजोड करतेस?" त्यांचं चूक नव्हतं. मी कलाबाईला बोलावलं आणि दोन्ही बाजू समोर ठेवल्या. निकाल घेतला तर नाव होईल, पण आबा अपिलात जातील, वर्षं जातील. तडजोड केली तर आठवड्यात विहीर उघडेल.

"कालव्याला पानी कवा सुटतंय?"

"पुढच्या महिन्यात म्हणतात."

"मग काय इचारताय?" ती म्हणाली. मग थांबून बोलली, "पर एक अट हाय. डबा तात्यानं बांधायचा. सोताच्या हातानं. पयला माझ्या सारिकेला."

मी चळवळीतल्या मित्रांना कळवलं. एकजण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तडजोडीचा हुकूमनामा झाला. विहीर जातीचा भेद न करता सर्वांना खुली, फाटक काढायचं, पाटी उतरवायची, मोडल्यास कोर्टाचा अवमान. आबांनी सही केली. तोंडानं माफी मागितली नाही, आजतागायत मागितलेली नाही. ते माझ्या मनातून जात नाही. शेवटची अट वाचल्यावर न्यायाधीशांनी तात्यांना पुढं बोलावलं. "तुमच्यावर जबरदस्ती नाही. तुम्ही बांधणार का?"

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग कोर्टाकडं न बघता मागच्या बाकाकडं वळून म्हणाले, "बांदतो की, कला. लई उशीर झाला माझ्याकडनं."

आणि त्या रविवारचं काय सांगू! अख्खं गाव विहिरीवर. देशमाने सहकुटुंब आले होते. बेलिफ डबा परत करायला आला आणि कपडे काढून सरळ पाण्यातच उतरला. तात्यांनी सारिकाच्या पाठीला डबा बांधला, गाठ तीनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "मार!" तिनं नुसती उडी मारली नाही, मुटका मारला! काठावरचे सगळे भिजले, आबासुद्धा. पोरं नुसती किंचाळत होती. काही बायका मात्र लांबूनच बघून निघून गेल्या. तेही सांगायला हवं.

दहाव्या दिवशी सारिकाचा डबा सुटला. रीत ती रीत. कलाबाई गूळ-खोबऱ्याचं ताट घेऊन काठावर फिरली. हात पुढं करावा की नाही, अशी सगळ्यांची घालमेल चाललेली. तेवढ्यात आबांची नात, ओली, दात वाजवत, आली, मूठ भरून घेतली आणि तोंडात टाकली. मग आबांच्या सूनबाईंनी घेतलं. मग रांगच लागली. ताट रिकामं होईपर्यंत कलाबाई हसत होती. मी त्या बाईला हसताना पहिल्यांदा बघितलं.

ताट खाली ठेवून ती तात्यांसमोर गेली, पाठ वळवली आणि म्हणाली, "आता मला बांदा."

"तुला? ह्या वयात?" तात्या म्हणाले.

"मला."

गणेश गेल्यापासून ती पाण्याकडं बघायचीसुद्धा नाही, हे सारिकानं मला नंतर सांगितलं. धुणं ती पाठमोरी बसून धुवायची.

श्रावणात मी एका घरमालकाचा उलटतपास घेत होते. कोर्ट उठल्यावर फोन बघितला तर बारा मिस्ड कॉल. मी जिन्यातच फोन लावला. पलीकडून कलाबाई एवढ्यानं ओरडली की आमच्या घरच्या मागांना ऐकू गेलं असतं, "वकीलीणबाई, माझा डबा सुटला!" मीही ओरडले. शिपाई धावत आला.

रविवारी गेले. तात्यांनी डबा दाखवला. सारिकाच्या नावाखाली ताजं कोरलेलं चकाकत होतं. मी चष्मा लावून वाचलं. कलावती नव्हतं. गणेश होतं.

"म्या इचारलं, कुनाचं नाव घालू," तात्या म्हणाले. "तर हे म्हनली."

मी ते नाव बोटानं चाचपून बघितलं. तात्या माझ्या मागं आले, आणि मला काही कळायच्या आत डबा माझ्या पाठीला आवळला गेला.

तेव्हापासून मी रविवारी जाते. पंजाबी ड्रेस, पाठीला डबा, आणि काठावर सगळं गाव मजा बघायला. वय त्रेसष्ट. गणेशच्या नावाखाली माझ्यासाठी जागा सोडलीय, ती अजून तशीच आहे. मी मधोमध तरंगत घाबरून किंचाळते, सारिका फांदीवरून हसते, आणि कलाबाई पलीकडच्या पायरीवरून पाणी कापत सरळ माझ्याकडं येते. हनुवटीखाली हात धरून म्हणते, "पाय मारा की, वकीलीणबाई. वरडून न्हाय तरंगत मानूस."